वॉर्डात शिकलेली हिंदी

“खाली पेट?” समोर बसलेल्या बाईंनी मला विचारलं.

ताश्कंदहून समरकंदला जाणाऱ्या गाडीत होते मी. त्या बाईंनी कापडात गुंडाळलेली मोठी गोल रोटी सोडून तिचा तुकडा माझ्यापुढे धरला होता आणि मी मान हलवून नको म्हटलं होतं. त्या देशात येऊन दोन दिवस झाले होते, पण कुणाशी धड दोन वाक्यं बोलले नव्हते. त्यामुळे आधी वाटलं, माझेच कान वाजले. मी नुसती बघत राहिले. पंचावन्नच्या आसपास वय, फुलाफुलांचा रुमाल डोक्याला मागून बांधलेला, हसताना चमकणारे दोन सोन्याचे दात. त्यांनी आवाज चढवून, बहिऱ्या पेशंटला विचारावं तसं पुन्हा विचारलं, “खाली पेट? ब्लड टेस्ट?”

“नहीं, नहीं. आपको हिंदी आती है?”

“थोड़ा सा.” मग बोट माझ्याकडे करून, “इंडिया? दिल्ली?”

“हाँ, दिल्ली.”

त्यांनी रोटी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. नाडी बघतात तसा अंगठा मनगटावर ठेवला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

खरं तर मी तिथे एकटी असणारच नव्हते. ही सहल माझ्या मुलीने ठरवली होती. ती गुडगावला एका कंपनीत आहे. तिचे बाबा गेल्याला चार वर्षं झाली होती आणि मी ऑफिस ते घर, घर ते ऑफिस यापलीकडे कुठे जात नाही, हे तिला बघवत नव्हतं. उझबेकिस्तान निवडायचं कारणही तिच्या बाबांचंच. त्या देशाच्या दक्षिणेला जुने बौद्ध विहार सापडलेत, ते एकदा बघायचे, असं ते नेहमी म्हणायचे. विहारांपर्यंत आमच्या सहलीची मजल जाणार नव्हती, पण निदान त्या देशात तरी पाऊल ठेवू, असं ठरलं. निघायच्या चार दिवस आधी मुलीच्या ऑफिसात काहीतरी निघालं आणि तिची रजा रद्द झाली.

“आई, तू जा,” ती म्हणाली.

“एकटी? मी?”

“का? सेक्शनमधली पंधरा माणसं सांभाळतेस ना? स्वतःला सांभाळ आठ दिवस. बिल्कुल सोपं आहे यार, मी सगळं फोनमध्ये टाकून देते.”

मी सरकारी नोकरीत सेक्शन ऑफिसर आहे. भंडाऱ्याजवळच्या गावातून निघून सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आले, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. एकटीने केलेला लांबचा प्रवास म्हणजे दिल्ली ते नागपूर, तोही गाडीत चढवायला आणि उतरवून घ्यायला माणसं असताना. ताश्कंदला पहिल्या दिवशी मी गेस्ट हाऊसच्या खोलीत बसून घरून नेलेला चिवडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी बाहेर पडले, फोनवर रस्ते बघत चालले, दोन मशिदी आणि एक बाजार बघितला, आणि संध्याकाळी पुन्हा चिवडा खाल्ला. मुलीला मात्र सांगितलं, मस्त चाललंय.

आणि आता या बाई माझा हात सोडत नव्हत्या.

त्यांची हिंदी कुठली, ते कळायला मला दहा मिनिटं लागली. “अकेली?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, तर काळजीने म्हणाल्या, “अटेंडेंट नहीं?” मग विचारलं, “एडमिट किधर?” मी चक्रावले. त्यांनी दोन्ही हात जोडून गालाखाली ठेवले, झोपल्यासारखे. म्हणजे मुक्काम कुठे आहे! मी गेस्ट हाऊसचं नाव दाखवलं. “डिस्चार्ज कब?” म्हणजे परत कधी जाणार.

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. आणि मग लक्षात आलं, की हे सगळे शब्द कुठल्या तरी दवाखान्यातले आहेत.

बोलायला आमच्याकडे फोनमधलं भाषांतराचं ॲपही होतं. मोकळं पिवळं माळरान लागलं की नेटवर्क जायचं आणि मग तेवढी हिंदी आणि हातवारे. तीन वर्षांपूर्वी त्या चार महिने दिल्लीत होत्या. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दक्षिण दिल्लीतल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात त्यांनी स्वतःची एक किडनी नवऱ्याला दिली. गाडीत चार माणसं बसलेली असताना त्यांनी सदऱ्यावरूनच डाव्या कुशीवर हात फिरवला आणि फोनमध्ये नवऱ्याचा फोटो दाखवला. द्राक्षांच्या मांडवाखाली उभा असलेला उंच, मिशाळ माणूस.

“दिल्लीत काय काय पाहिलंत?” मी ॲपमधून विचारलं.

त्यांनी बोटं मोजली. एअरपोर्ट. हॉस्पिटल. गेस्ट हाऊसची गल्ली. औषधाचं दुकान. चौथ्या बोटावर थांबल्या आणि खांदे उडवले.

समरकंदला उतरल्यावर त्या मला गेस्ट हाऊसला जाऊ देईनात. स्टेशनबाहेर त्यांचा नवरा गाडी घेऊन आला होता. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि माझी बॅग उचलून सरळ डिकीत ठेवली. मी मुलीला फोन लावला.

“आई, अनोळखी माणसांबरोबर? लोकेशन पाठव आधी. आणि व्हिडिओ कॉल कर.”

मी केला. बाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि माझ्या मुलीला म्हणाल्या, “टेंशन नहीं. मम्मी स्टेबल.”

पलीकडे मुलगी एवढी हसली, की परवानगीच मिळाली.

तीन दिवस राहिले त्यांच्याकडे. शहराबाहेर पाऊण तासावर गाव, मातीच्या उंच भिंतींचं घर, मध्ये अंगण. पहिल्या संध्याकाळपासूनच ‘अहो-जाहो’ गळून पडलं. उझबेकमध्ये मोठ्या बहिणीला ओपा म्हणतात, ती मला ओपा म्हणू लागली. मी तिच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला बसले, तिने भात केला, मी सोबत नेलेली तिखटाची पुडी काढली. तिच्या नवऱ्याने ते तिखट बोटाच्या टोकाने चाखून पाहिलं आणि अंगणातल्या नळाकडे धावला. मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं. बाबा म्हणजे मुलीचे बाबा. आमच्या घरात ते त्याच नावाने ओळखले जातात. सरकारी हॉस्पिटलात सात आठवडे होते, तिथेच गेले. तिने हे ऐकलं आणि ॲपला न विचारताच म्हणाली, “कौन सा वॉर्ड?” दिल्लीत आजवर मला कुणी हे विचारलं नव्हतं. लोक विचारतात, काय झालं होतं. वॉर्ड कुठला, हे ज्याने वॉर्डात दिवस काढलेत तोच विचारतो.

दीदीची गोष्ट तिने दुसऱ्या दिवशी सांगितली.

ऑपरेशनच्या दिवशी दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर नेलं. सोबत आलेल्या दिराला नेमका ताप भरला होता, म्हणून त्याला हॉस्पिटलात येऊ देत नव्हते. ती शुद्धीवर आली तेव्हा आजूबाजूला एकही शब्द समजणारं माणूस नव्हतं. कुशीत आग होत होती. नवरा जगला की गेला, कुणाला विचारायचं आणि कसं? ती रडायला लागली की टाके ताणले जायचे. तेव्हा हिरव्या कपड्यातली एक वॉर्ड अटेंडंट आली, तीच दीदी. तिने हिचे पाय दाबले, “बस हो गया, बस हो गया” असं म्हणत राहिली. हिने तिला फोनवरचा नवऱ्याचा फोटो दाखवून बोटाने वर, खाली, सगळीकडे दाखवलं. कुठे आहे?

दीदी गेली. तासाभराने आली आणि बिछान्याशी उभं राहून तिने त्याची नक्कल केली. असा झोपलाय, तोंड उघडं टाकून. नंतर पुन्हा गेली, पुन्हा आली. आता डोळे उघडलेत. आता पाणी मागितलं. आता सूप दिलं, तर असं तोंड केलं. त्याने केलं होतं तसं वाकडं तोंड तिने करून दाखवलं. ते बघून ही ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली, आणि हसताना दुखलं म्हणून ओरडली. आठ दिवस हे चाललं. दीदीने तिचे केस विंचरून वेणी घातली, घरून डब्यात मऊ खिचडी आणली, कूस कशी वळायची ते शिकवलं. हिची सगळी हिंदी म्हणजे दीदीची हिंदी.

“डिस्चार्ज,” ती म्हणाली, “दीदी छुट्टी.”

घरी सोडलं त्या दिवशी दीदीची सुट्टी होती. नंतर तपासणीला गेली तेव्हा तो वॉर्ड कुठला, कुणाला विचारायचं, काही कळेना. नाव माहीत नव्हतं. सगळे दीदीच म्हणायचे. फोनमध्ये एकच फोटो होता. हिच्या वेणीचा. मागे हिरवा सदरा, अर्धा चेहरा, आणि वेणी धरलेल्या हाताच्या मनगटावर गोंदलेलं फूल.

मग तिने कपाटातून एक कापड काढलं. पांढऱ्या कापडावर रेशमाने भरलेली लाल डाळिंबं, मधून हिरव्या वेली. त्यांच्याकडे मुलीच्या लग्नात देतात तसलं भरतकाम. दोन हिवाळे बसून भरलं होतं.

“ओपा, तुम दिल्ली. दीदी को ढूँढो.”

मी हो म्हटलं. समोर बसून कुणी असं मागितल्यावर नाही कसं म्हणणार?

दिल्लीत उतरले आणि ते कापड कपाटावर ठेवलं. उद्या जाईन, शनिवारी जाईन. दिवाळी आली, गेली. धुराचे दिवस सुरू झाले, डोळे चुरचुरायला लागले, बाहेर न पडायला आणखी एक कारण मिळालं. समरकंदहून दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. “दीदी मिली?” “अभी नहीं.” ती म्हणायची, “टेंशन नहीं.” ते “टेंशन नहीं” मला जास्त लागायचं.

एका रविवारी मी मुलीला म्हटलं, “अगं, तिच्यासमोर अगदी कानकोंडी होते मी.”

“कानकोंडी मतलब?”

मुलगी दिल्लीत वाढली. असे शब्द तिच्याकडून कधी गळून गेले, ते मलाही कळलं नाही. मी सांगितलं, “लाजेने तोंड लपवावंसं वाटणं.”

“मग शोध ना,” ती म्हणाली. “किंवा तिला सांग, की नाही जमणार. हे लटकवून ठेवणं नको.”

खरं सांगायचं तर आळस एवढंच कारण नव्हतं. हॉस्पिटलच्या दारातून आत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि दुसरं म्हणजे, तिची गोष्ट ऐकल्यापासून मी रोज आठवून बघत होते, बाबांच्या वॉर्डात कोण होतं? सात आठवडे कुणीतरी त्यांचं अंग पुसलं होतं, चादर बदलली होती. मला एकही चेहरा आठवत नव्हता. डॉक्टरांची नावं पाठ होती, त्यांच्या यायच्या वेळा पाठ होत्या. पण ते हात कुणाचे होते, ते मी बघितलंच नव्हतं. परक्या देशातली एक बाई, भाषा येत नसताना, ते बघून गेली होती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, की स्टाफची माहिती देता येत नाही, आणि वॉर्ड अटेंडंट तर कॉन्ट्रॅक्टवरचे, एजन्सी बदलली की माणसं बदलतात. मी सरकारी माणूस, असली उत्तरं मी स्वतः वर्षानुवर्षं दिलेली आहेत. त्यामुळे मी वाद घातला नाही. पाटीवर किडनी विभागाचा मजला बघून लिफ्टने वर गेले. त्या मजल्यावर एक केरळी नर्स भेटली, तिला फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, चेहऱ्याकडे नव्हे, मनगटाकडे.

“ये तो फूल वाली आंटी है. छोड़ दिया काम. पिछले साल.”

“कहाँ गई?”

तिला ठाऊक नव्हतं. पण ती म्हणाली, आंटीची नणंद अजून खाली लाँड्रीत आहे, चार वाजता सुटते. मी साडेतीनपासून मागच्या गेटवर चहाच्या टपरीजवळ उभी राहिले. नणंदेने मला आपादमस्तक न्याहाळलं, तीन वेळा विचारलं की काम काय आहे, आणि मग नंबर दिला.

फोन लावला. पलीकडून आवाज आला, “कौन?”

मी हॉस्पिटलचं नाव घेतलं, एका पेशंटबद्दल बोलायचंय असं म्हटलं. तिने मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “कोई कंप्लेंट है क्या? मैंने तो साल भर पहले छोड़ दिया जी. मैंने कुछ नहीं किया.”

“कंप्लेंट नहीं है, बहनजी. किसी ने आपके लिए कुछ भेजा है.”

“मेरे लिए?” ती म्हणाली. “गलत नंबर होगा.”

तिला पटवायला दोन दिवस आणि चार फोन लागले. शेवटी रविवारी या म्हणाली. बाडा हिंदूरावला. हा हिंदूराव मूळचा मराठा सरदार. बाबा असते तर नक्की म्हणाले असते, राव आपलाच होता, जाऊन ये. पुलबंगशला मेट्रोतून उतरले, हार्डवेअरची दुकानं मागे टाकत गल्लीत शिरले. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, बाहेर गॅलरीत तुळस आणि वाळत घातलेले मोजे. दार उघडणारी बाई माझ्याच वयाची, सुकलेली, गुडघ्याला पट्टा. पेशंट उचलून उचलून कंबर आणि गुडघे गेले, म्हणून काम सोडलं होतं. आता एका म्हाताऱ्या बाईंकडे दिवसभर सोबतीला जाते, तिथे उचलायचं नसतं, गप्पा मारायच्या असतात, असं तिने सांगितलं.

मी कापड उलगडलं. खोलीत ठेवायला जागाच नव्हती, म्हणून आम्ही दोघींनी दोन टोकं धरून ते हवेतच पसरलं. दीदी डाळिंबांकडे बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. ऑपरेशन, नक्कल, सूप, वेणी. मग फोनवर फोटो दाखवला.

तिने फोटो जवळ नेला, लांब नेला. चष्मा घातला. मी वाट बघत होते.

“बहनजी,” ती हळूच म्हणाली, “मुझे याद नहीं आ रहा.”

“कलाई तो आपकी ही है.”

“हाथ तो मेरा है. पर ये... कितने आए, कितने गए. बाहर देश के भी बहुत आते थे. नक्कल तो मैं सबके साथ करती थी. और क्या करती, बोली तो किसी की आती नहीं थी.”

नेमका तेव्हाच फोन वाजायला लागला. रविवार होता, समरकंदच्या कॉलची वेळ होती. मी दीदीकडे पाहिलं. फोन न घेणं एवढंच सुचत होतं. दीदीने पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “उठाओ.”

स्क्रीनवर फुलाफुलांचा रुमाल दिसला. मी काही बोलायच्या आतच तिने माझ्या खांद्यामागचा चेहरा बघितला. ती ओरडली. मग रडायला लागली, दोन्ही हात तोंडावर घेऊन. मागे नवरा आला, तोही छातीवर हात ठेवून उभा राहिला.

“बस हो गया,” दीदी म्हणाली. “बस हो गया. रोते नहीं. कैसी है तू? खाना ठीक से खाती है? टाँका दुखता तो नहीं? किधर है टाँका, दिखा.”

तिकडून तिने डाव्या कुशीवर हात ठेवला.

“शाबाश. पानी खूब पी. और भाईसाहब को नमक कम दे.”

“दीदी,” तिने विचारलं, “मैं... मैं?” आणि बोट स्वतःकडे करून थांबली. पुढचा शब्द तिच्याकडे नव्हता.

“हाँ हाँ, तू,” दीदी म्हणाली. “तुझे कैसे भूलूँगी.”

फोन ठेवल्यावर आम्ही दोघींनी कापडाची घडी घातली. दीदीने चहा टाकला. पाठमोरी असतानाच म्हणाली, “झूठ बोल दिया. पाप लगेगा?”

“नाही लागणार,” मी म्हटलं. हिंदीत नाही, मराठीतच निघालं तोंडातून. तिला कळलं.

त्या चहापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं. आधी मी जायचे, कारण तिला मेट्रोचे जिने जमत नाहीत. मग मुलीने तिच्यासाठी गाडी बुक करायला सुरुवात केली आणि ती सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येऊ लागली. ती बाबांबद्दल विचारते, कसे होते, चिडायचे का. मी तिला एकदा विचारलं, पेशंट गेल्यावर तुम्ही लोक काय करता? ती म्हणाली, चादर बदलतो. मग म्हणाली, त्याआधी मी डोक्यावरून एकदा हात फिरवायचे, घरचं कुणी बघत नसेल तर. बघत असतील तर त्यांनीच फिरवावा, म्हणून बाजूला व्हायचे.

बाबांच्या वेळी कुणी बाजूला झालं होतं का, ते मला आठवत नाही. पण हात मी फिरवला होता, हे आठवतं.

मार्चमध्ये समरकंदची दोघं नवऱ्याच्या तपासणीसाठी दिल्लीला आली. मी रजा टाकली. ती या वेळी ‘एडमिट’ माझ्याकडे झाली. पहिल्याच दिवशी दीदी आली. दारात दोघींनी एकमेकींना धरलं आणि सोडेचनात. मी पोळ्या लाटत होते, त्या दोघी स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, आणि दीदी एकदम हिंदीत म्हणाली, “सुन. एक बात बोलनी है. मुझे तू याद नहीं थी.”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मी दीदीकडे डोळे मोठे करून पाहिलं.

“नहीं बहनजी, बोलने दो. इतनी दूर से आई है, मेरे लिए दो साल सिलाई की. झूठ पे कैसे बैठूँ?”

“याद?” तिने मला विचारलं. तो शब्द तिला वॉर्डात मिळाला नव्हता. नाइलाजाने मी पिठाच्या हाताने फोन उघडला, ॲपमध्ये ते वाक्य बोलले आणि तिच्यापुढे धरला. ती वाचत होती तेवढा वेळ कुकरची शिट्टीसुद्धा नको झाली होती मला.

तिने वाचलं. दीदीकडे पाहिलं. आणि सोन्याचे दात दाखवत हसली.

“मालूम,” ती म्हणाली. मग फोन घेतला आणि भराभर उझबेकमध्ये बोलली. ॲपच्या निर्विकार बाईने ते हिंदीत सांगितलं. त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, टाका कुठल्या बाजूला. ज्या दीदीने आठ दिवस माझी कूस वळवली, तिला ते माहीत असतं. मला त्याच दिवशी कळलं.

“फिर बोली क्यों नहीं?” दीदीने विचारलं.

तिने खांदे उडवले. “दीदी ड्यूटी,” ती म्हणाली, आणि हातांनी दाखवलं, खूप खूप माणसं, एकामागून एक. मग दीदीच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “अब? अब याद?”

“अब तो मरते दम तक,” दीदी म्हणाली. ते मला भाषांतर करावं लागलं नाही.

दहा दिवसांत आम्ही तिला दिल्ली दाखवली. लाल किल्ला दीदीनेही कधी आतून बघितला नव्हता. सरोजिनी नगरच्या बाजारात तिने सुना आणि भाच्या मिळून सातजणींसाठी कपडे घेतले. दुकानदार ऐकेना तेव्हा तिने त्याला खणखणीत सांगितलं, “लंबी साँस लो.” तो इतका गोंधळला, की भाव उतरला. तपासणीचे रिपोर्ट चांगले आले. नवऱ्याला मी बिनमिठाची भाजी करून वाढायचे आणि तो बघून वाकडं तोंड करायचा. दीदी ते बघायची आणि कपाळाला हात लावून आठवायचा प्रयत्न करायची, पण नाही, तिला ते तोंडही आठवलं नाही.

जाताना त्यांनी आम्हा दोघींना येत्या सप्टेंबरात द्राक्षांच्या वेळी यायचं वचन द्यायला लावलं. दीदीकडे पासपोर्ट नव्हता. जन्माचा दाखला नव्हता, शाळेचा नव्हता, आधार कार्डावर आडनाव एक आणि रेशन कार्डावर दुसरं. आता हे माझं क्षेत्र. मी रीतसर फाइल केली, प्रतिज्ञापत्र करवलं, तिला घेऊन दोनदा पासपोर्ट केंद्रात गेले. पहिल्या फोटोत तिचे डोळे मिटले होते, तिने तिथल्या माणसाला दुसरा काढायला लावला.

गेल्या आठवड्यात पोलीस चौकशीला एक हवालदार आला. मी मुद्दाम तिथे थांबले होते. त्याने कागद चाळले, खोलीभर नजर टाकली, भिंतीवर टांगलेल्या डाळिंबांच्या कापडाकडे पाहिलं आणि विचारलं, “अम्मा, इस उमर में विदेश? उधर कौन है?”

“सहेली,” दीदी म्हणाली.

“कैसे पहचान हुई?”

दीदीने माझ्याकडे पाहिलं.

“पहले मैं उसको जानती थी, भूल गई,” तिने सांगितलं. “फिर इन्होंने मिलवा दिया.”

हवालदाराने पेन वर धरून विचार केला, मग लिहिलं, ‘मित्र से मिलने’. नाव काय, पत्ता काय, असं विचारलं, तेव्हा मी फोनमधून एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्याने ते कसंबसं उतरवून घेतलं, दोन ठिकाणी खाडाखोड केली, आणि दीदीने दिलेला चहा उभ्यानेच प्यायला.